काठोकाठ भरलेल्या बाटलीतलं व्हिटॅमिन सी दोन दिवसांनी कमी व्हायचं थांबलं, असं कसं?

थेंबमोज्या

मुलीने शाळेच्या प्रोजेक्टला विषय घेतला, 'साठवून ठेवल्यावर व्हिटॅमिन सी किती टिकतं'. म्हणजे घेतला तिने आणि पडला माझ्या गळ्यात. आता एका ठिकाणी अडकलोय, रसायनवाल्यांनी जरा बघा.

केलं ते असं. व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या साध्या पांढऱ्या दोन गोळ्या, रंग-स्वाद काही नसलेल्या, खलबत्त्यात कुटून २ लिटर नळाच्या पाण्यात विरघळवल्या. २०० मिलीच्या काचेच्या बाटल्या घेतल्या, पत्र्याच्या झाकणाच्या. तीन बाटल्या अगदी काठोकाठ भरल्या, तीन अर्ध्या भरल्या, आणि तीन अर्ध्या भरून त्यात सोललेल्या तांब्याच्या वायरचा बोटभर तुकडा टाकला (तांब्याचं कुठेतरी वाचलं होतं). सगळ्या एकाच अंधाऱ्या कपाटात. एकदा उघडलेली बाटली परत वापरायची नाही, दर दोन दिवसांनी प्रत्येक प्रकारातली एक नवी उघडायची.

मोजायला टिंक्चर आयोडीन, एक भाग आयोडीन आणि अडीच भाग पाणी. १० मिली नमुना, त्यात कॉर्नफ्लॉवरचं उकळून गार केलेलं पातळ पाणी चमचाभर, मग ड्रॉपरने थेंब थेंब आयोडीन टाकत जायचं, निळा-काळा रंग पडून टिकला की थांबायचं. व्हिटॅमिन सी जितकं जास्त तितके थेंब जास्त लागतात.

ताज्या पाण्याला २५ थेंब लागले. अर्ध्या बाटल्या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवशी १९, १५, ११. तांब्याची वायरवाली दुसऱ्याच दिवशी ४ आणि चौथ्या दिवशी पहिल्या थेंबालाच निळी, म्हणजे खलास. इथपर्यंत ठीक, पण काठोकाठवाली २२, २२, २२!! दोन दिवसांत तीन थेंब उतरली आणि मग ढिम्म. मी पोरीला आधीच सांगून बसलो होतो की रोज थोडं थोडं कमी होत जाणार, ग्राफ सरळ खाली येणार. आता ती विचारतेय 'बाबा मधेच का थांबलं?' आणि मी चहा करायचं निमित्त करून उठलो.

---

झाकणढिल्लं

नळाचं पाणी ना? क्लोरीन असणार. क्लोरीनने खाल्लं जेवढं खायचं तेवढं, क्लोरीन संपलं, खेळ संपला. सोप्पंय. फिल्टरच्या पाण्याने परत करा.

---

क्यूसीवाली

झाकणढिल्लं, दिशा बरोबर आहे हां, काहीतरी संपलं हे खरंय. पण क्लोरीन नाही, क्लोरीनचा हिशोब लावून बघा. १ मिलिग्रॅम क्लोरीन जास्तीत जास्त अडीच मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी मारू शकतं (७१ ला १७६, दोघांच्या रेणूंच्या वजनाचं गणित). पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तरी २०० मिलीच्या बाटलीत अर्धा मिलिग्रॅम जाईल. बाटलीत आहे १०० मिलिग्रॅम आणि गेलंय साधारण १२. अर्ध्या मिलिग्रॅमने काय होतंय.

संपला तो ऑक्सिजन. मी गोळ्या-औषधांच्या लॅबमध्ये स्टॅबिलिटीचं, म्हणजे औषध किती दिवस टिकतं ते तपासायचं काम करते, रोज हेच बघते, पण घरच्या कपाटात इतकं स्वच्छ दिसलेलं पहिल्यांदाच बघतेय, पोरीला शाबासकी द्या.

आता गणित बघा, मजा आहे. २५ डिग्रीच्या आसपास हवेत उघड्या असलेल्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तुमच्या २०० मिलीत झाला १.६ मिलिग्रॅम. व्हिटॅमिन सीचा एक रेणू ऑक्सिजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा ऑक्सिजनचं होतं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ते पेरॉक्साइड पुढे अजून एका व्हिटॅमिन सीच्या रेणूला खाऊ शकतं. म्हणजे एका ऑक्सिजनमागे कमीत कमी एक, जास्तीत जास्त दोन रेणू. १.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन म्हणजे पावणेनऊ ते साडेसतरा मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. तुमचे २५ चे २२ झाले म्हणजे १२ टक्के, १०० मधले १२ मिलिग्रॅम. बरोब्बर मधे पडतंय की नाही!

आणि अर्धी बाटली का नाही थांबली? तिच्यात वर १०० मिली हवा आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे २१ मिली, तेवढा ऑक्सिजन १५० ते ३०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी संपवू शकतो आणि खाली पाण्यात आहे फक्त ५०. म्हणजे तिथं जेवण संपेल पण जेवणारा उपाशी राहील. काठोकाठ बाटलीत उलटं, जेवण भरपूर आणि जेवणारा एकच.

---

थेंबमोज्या

आईशप्पथ!! मी दोन दिवस झाकणं बदलायचा विचार करत होतो. पोरीला दाखवलं, ती म्हणे "मग अर्धी प्यायलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर?" आता हे कोण सांगणार.

---

क्यूसीवाली

फ्रिजमध्ये क्रिया हळू होते. तापमान १० डिग्री उतरलं की वेग साधारण निम्म्यावर येतो असं ढोबळ धरतात, म्हणून फ्रिज चांगलाच. पण एक गंमत, गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, ४ डिग्रीला लिटरला १३ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे गार पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली शेवटी जास्तच गमावेल, फक्त खूप दिवस लावून. आणि अर्ध्या बाटलीचं झाकण रोज उघडून ओतत बसलात तर दर खेपेला आत नवी हवा. त्यापेक्षा उरलेलं छोट्या बाटलीत गच्च भरून ठेवावं, मी घरी ज्यूसचं हेच करते, नवरा हसतो.

---

सुट्टीतला मास्तर

गणित सुंदर आहे ताईंचं, पण मला त्या २२, २२, २२ वर एक शंका आहे. रसायन शिकवण्यात आयुष्य गेलंय त्यामुळे आधी मोजमापावर संशय घ्यायची खोड जात नाही.

थेंबमोज्या, सहा दिवस तेच पातळ केलेलं आयोडीन वापरलंत का? आयोडीन उडतं. झाकण सैल असेल, ड्रॉपर बाटलीतच ठेवला असेल तर रोज थोडं थोडं कमजोर होत जातं. कमजोर आयोडीनचे थेंब जास्त लागतात, म्हणजे व्हिटॅमिन सी आहे त्यापेक्षा जास्त भासतं. तेव्हा असंही असू शकेल की आतलं व्हिटॅमिन सी हळूहळू कमी होत होतं आणि आयोडीनही त्याच चालीने कमजोर होत होतं, आणि दोघांनी मिळून तुम्हाला २२ वर उभं ठेवलं. पडताळा सोपा आहे. त्याच पाकिटातली नवी गोळी त्याच मापाने आज विरघळवा आणि त्याच जुन्या आयोडीनने मोजा. २५ आले तर मी माझे शब्द मागे घेतो.

दुसरं, आयोडीन फक्त ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचं मूळ रूप, मोजतं. ऑक्सिजनने पहिल्या पायरीवर त्याचं होतं डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड, आणि गंमत अशी की शरीर त्याचं परत ॲस्कॉर्बिक ॲसिड करून घेतं, ती पायरी उलटी फिरते. म्हणजे तेही व्हिटॅमिन सीच धरायचं. आयोडीनला मात्र ते दिसतच नाही. खरं नुकसान त्याच्या पुढच्या पायरीवर, पाणी त्याचं कडं फोडतं आणि २,३-डायकीटोग्युलोनिक ॲसिड होतं, तिथून माघारी येणं नाही. ही दुसरी पायरी किती वेळात होईल ते पीएच (आंबटपणाचं माप) आणि तापमानावर. शरीराइतक्या उष्णतेला, पीएच ७ ला डीहायड्रोचं निम्मं काही मिनिटांतच फुटतं, आंबट आणि गार असेल तर पुष्कळ टिकतं. तेव्हा पोरीने वहीत 'व्हिटॅमिन सी गेलं' न लिहिता 'आयोडीनला दिसणारं व्हिटॅमिन सी कमी झालं' असं लिहावं.

आणि तिसरं, ग्राफ सरळ खाली येणार हे पोरीला सांगितलंत ते चूक. अर्ध्या बाटलीचे आकडे बघा, २५, १९, १५, ११. उतार ६, ४, ४ असा आहे. दर दोन दिवसांनी शिल्लक असलेल्यातला पाव हिस्सा जातोय. आधी भराभर, मग हळू, असा वाकडा ग्राफ येतो. या चालीने निम्मं व्हायला साधारण पाच दिवस. तिला शिल्लक आकड्याचं लॉग घेऊन काढायला लावा, सरळ रेघ येईल. नववीच्या खालची असेल तर राहू द्या.

---

थेंबमोज्या

सर, सातवीत आहे, लॉग राहू द्या 🙏

ड्रॉपर बाटलीतच होता हो. पकडलंत. आत्ता नवी गोळी विरघळवून मोजली, २५ च्या जागी २६ लागले. दोनदा केलं, दोन्हीदा २६.

---

सुट्टीतला मास्तर

मग आयोडीन चार टक्क्यांनी उतरलंय. सहाव्या दिवशीचे २२ म्हणजे खरे २१. अर्ध्या बाटलीचे ११ हे साडेदहा धरा. म्हणजे थांबलं हे जवळपास खरं, ताई जिंकल्या. पण 'जवळपास' शब्द मी सोडणार नाही, कारण ऑक्सिजन नसला तरी व्हिटॅमिन सी फुटायचं पूर्ण थांबत नाही, ती वाट फार हळू चालते इतकंच. डबाबंद ज्यूस महिनोन्‌महिने ठेवला की तपकिरी होतो, त्यात फरफुरल नावाचा पदार्थ तयार होतो, तो बहुतांशी याच वाटेने.

---

गोळीपिवळी

मधेच घुसतेय सॉरी, माझ्याकडे व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची बाटली आहे, मुदत अजून आहे पण गोळ्यांवर तपकिरी ठिपके आलेत. बाटली बाथरूमच्या कपाटात होती. घेऊ का टाकू?

---

क्यूसीवाली

टाका. विष वगैरे काही झालेलं नसतं, थोडासा भाग बिघडला तरी रंग लगेच दिसतो त्यामुळे दिसतं त्यापेक्षा आत बरंच शिल्लकही असेल. पण लेबलवर लिहिलंय तेवढं आहे का हे आता कोणी सांगू शकत नाही, मग कशाला घ्यायची. कोरडा स्फटिक वर्षानुवर्षे टिकतो, त्याला वैरी म्हणजे दमट हवा. गोळीने ओल ओढली की तिच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि तेवढ्या थेंबात या धाग्यातलं सगळं रामायण सुरू होतं. मल्टिव्हिटॅमिन असेल, त्यात लोह-तांबं असेल, तर अजून लवकर. बाथरूम, गॅसजवळचा कट्टा आणि फ्रिजचा दरवाजा सोडून कुठेही ठेवा. आतली ती ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका, आणि ओल्या हाताने गोळी काढू नका. एवढं करूनही थोडं जाणारच म्हणून कंपन्या बनवतानाच लेबलपेक्षा थोडं जास्त घालतात, मुदतीच्या शेवटच्या दिवशीही आकडा भरला पाहिजे ना.

---

झाकणढिल्लं

क्लोरीनवर हरलो, मान्य. पण मग तांब्याचं काय? तांबं तर ऑक्सिजन देत नाही, मग वायरवाल्या बाटलीतलं व्हिटॅमिन सी दोन दिवसांत जवळपास कसं संपलं? ताईंच्या हिशोबात तांबं कुठे बसतं?

---

क्यूसीवाली

हा प्रश्न भारी आहे. तांबं जेवत नाही, वाढपी आहे ते. व्हिटॅमिन सीकडून इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देतं, रिकामं होऊन परत घ्यायला येतं. त्यामुळे पाण्यात लिटरला मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाइतकं तांबं असलं तरी फरक पडतो. लोहही तेच करतं पण तांब्याइतकं जोरात नाही. म्हणून ज्यूस-औषधांच्या कारखान्यांत तांब्या-पितळेचे नळ नि व्हॉल्व लावत नाहीत, स्टेनलेस स्टील वापरतात, आणि काही ठिकाणी ईडीटीए टाकतात, ते धातूला असं कवळून धरतं की त्याला वाढपं करता येत नाही.

आता यावरून एक भाकीत करते, थेंबमोज्या तुम्ही करून बघा. तांब्याची वायर काठोकाठ बाटलीत टाका. माझं म्हणणं, ती २२ च्या आसपासच थांबेल, शून्यावर जाणार नाही. फक्त दोन दिवस न लावता काही तासांत तिथं पोचेल. तांबं वेग बदलतं, पण किती जाणार ते ऑक्सिजन ठरवतो. आणि अजून एक बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची करा, उकळताना विरघळलेली हवा निघून जाते. पण गार करताना भांडं उघडं ठेवलंत तर हवा परत शिरते, गरम असतानाच बाटलीत गळ्यापर्यंत भरा, झाकण लावा, मग गार करा. गोळी घालताना ढवळाढवळ कमी.

काचेच्याच बाटल्या घ्या हं, प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो.

---

जहाजी काका

तुमचा तांब्याचा विषय निघाला म्हणून, यावर एक आख्खं आरमार फसलं होतं. ब्रिटिश आरमाराचा डॉक्टर जेम्स लिंड, १७४७ साली सॅलिसबरी जहाजावर त्याने स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांना दोन-दोनच्या जोडीने वेगवेगळं काही दिलं आणि संत्री-लेमनवाली (लेमन म्हणजे मोठं पिवळं लिंबू) जोडी झपाट्याने सुधारली. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण पुढे रस टिकवायचा कसा म्हणून त्यानेच तो तापवून आटवून पाकासारखा करायचा सल्ला दिला, आणि त्यात जे हवं होतं तेच बरंचसं गेलं. बिचाऱ्याला कळायचं कसं, व्हिटॅमिन हा शब्दच नव्हता तेव्हा.

१७९५ पासून आरमारात लेमनचा रस रीतसर मिळायला लागला आणि स्कर्व्ही आटोक्यात आली. मग १८६० च्या दशकात त्यांनी लेमन सोडून वेस्ट इंडीजचं लाइम (आपल्या कागदी लिंबासारखं) घेतलं, ते जास्त आंबट, आणि आंबटपणानेच रोग बरा होतो अशी समजूत होती. लाइममध्ये व्हिटॅमिन सी मुळातच कमी, त्यात रस साठवताना हवा लागलेला आणि तांब्याच्या नळ्यांतून गेलेला. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास छोटे झाले होते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. १८७५ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या नेअर्स नावाच्या कप्तानाची उत्तर ध्रुवाकडची मोहीम निघाली आणि तिथं माणसं स्कर्व्हीने आडवी झाली. तुमच्या तांब्याच्या वायरवाल्या बाटलीसारखंच झालं म्हणा ना. फक्त त्यांच्याकडे आयोडीनने मोजायला सातवीतली पोरगी नव्हती.

---

सुट्टीतला मास्तर

काका, त्या मोहिमेत बर्फावरून स्लेज ओढत गेलेल्या तुकड्यांनी रस सोबत नेलाच नव्हता, म्हणून सगळं खापर तांब्यावर नको. बाकी गोष्ट झकास.

---

थेंबमोज्या

उशीर झाला, मधे तिची चाचणी परीक्षा होती. दुसरी फेरी केली. आयोडीन नवीन बाटलीतलं, ड्रॉपर वेगळा धुऊन ठेवायचा, आणि सरांच्या सांगण्यावरून दर वेळी आधी ताज्या गोळीचं पाणी मोजायचं.

काठोकाठ + तांब्याची वायर: सकाळी साडेआठला भरल्या, संध्याकाळी पाचला एक उघडली, २२. तिसऱ्या दिवशी दुसरी उघडली, २२. ताई, मी घरात ओरडलो, बायको बाहेर आली काय झालं म्हणून. वायर मात्र बघण्यासारखी झालीये, भरताना काळपट होती ती आता नव्या नाण्यासारखी लखलखतेय, पोरीच्या लक्षात आलं आधी. हे का झालं?

उकळलेलं पाणी: फिश टँकची पारदर्शक नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून हळू भरलं, वरून थोडं वाहू दिलं आणि झाकण लावलं. तिसऱ्या दिवशी २४. उकळलेल्या पाण्याची अर्धी भरलेली बाटलीही एक केली गंमत म्हणून, ती तिसऱ्या दिवशी १८, म्हणजे उकळून काही उपयोग नाही जर वर हवा ठेवली तर.

---

क्यूसीवाली

वायरवरचा काळा थर म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. आंबट पाण्याने तो सुटला. सुटलेलं तांबं पाण्यात उतरलं, म्हणूनच तर ती बाटली इतकी सुसाट पळाली. त्या बाटलीतलं पाणी कोणी तोंडाला लावू नका हां, झाडालाही नको, बेसिनमध्ये ओता.

२४ चा एक थेंब कुठे गेला विचाराल तर थोडी हवा ओतताना शिरली असणार, गोळी विरघळवतानाही शिरली असेल. घरी २४ म्हणजे मी तर पैकीच्या पैकी देईन.

---

सुट्टीतला मास्तर

आणि एक थेंब इकडेतिकडे हा ड्रॉपरचाही दोष असू शकतो. तिने प्रत्येक आकड्यापुढे 'एक थेंब कमी-जास्त' असं लिहिलंय का?

---

थेंबमोज्या

लिहिलंय सर, लाल पेनने. आणि २५, १९, १५, ११ चा वाकडा ग्राफ काढलाय, त्याच्या शेजारी काठोकाठ बाटलीची आडवी रेघ. प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय.

काचेची एक काठोकाठ बाटली आणि तेवढीच भरलेली प्लॅस्टिकची एक, अशा दोन कपाटात मागे ठेवून दिल्यात, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून. सहामाही झाली की उघडतो आणि इथेच आकडे टाकतो.